ओळखलंत खरं, पण कुठून?

मंडळी, बसा. अजून कुणी उभं राहू नका. उभं राहायचं ते शेवटी, मी सांगेन तेव्हा.

मी श्रीकांत देवधर. पुढच्या रांगांतले सगळे मला ओळखतात, मागच्यांसाठी सांगतो. तीस वर्षं कारखान्यात तपासणी विभागात होतो, मागच्या वर्षी रिटायर झालो. लक्ष्मी गेटच्या आत मालूताईंच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, भाड्यानं, बावीस वर्षं. म्हणजे मालूताई खाली, आम्ही वर. आज तेरा दिवस झाले, खालचं दार बंद आहे आणि मी रोज जिना उतरताना अजून हळू पाय टाकतो, की त्यांची दुपारची झोप मोडू नये.

जोगकाका, आपल्या मंडळाचे सेक्रेटरी, मला म्हणाले, श्रीकांतभैया, तुम्ही शेजारी होतात, दोन शब्द बोला. मी म्हटलं, काका, दोन शब्दांत होणार नाही. ते म्हणाले, बरं, पाच मिनिटं घ्या. पाच मिनिटांतही होणार नाही. मला थांबवू नका, एवढंच मागतो.

अशा वेळी बोलणाऱ्याचा गळा दाटून येतो. माझा नाही आलेला. मला राग आलाय. इथे बसल्यापासून येतोय. आधी तुमचा आला, मग माझा स्वतःचा आला, आणि आता कुणाचा जास्त आहे ते मला सांगता येत नाही. म्हणून बोलणं अवघड जातंय. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

हा फोटो कुणी निवडला? हा, हाराखालचा. चांगला आहे. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, हातात पुस्तक. सांगा ना, कुणी निवडला? जाऊ दे. फोटोकडे मी परत येणार आहे.

माझ्या आधी तिघं बोलले. एक म्हणाले विदुषी. एक म्हणाले झाशीचं भूषण. एक म्हणाले, मालूताईंनी आपलं आयुष्य संशोधनाला वाहिलं. बरोबर आहे, वाहिलं. पण कसलं संशोधन हो? तिघांपैकी एकानं तरी सांगितलं? मी वाट बघत बसलो होतो. कुणी सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की आपण सगळे अडचणीत येतो.

मी सांगतो. डॉक्टर मालती वझे कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि त्यांचा विषय होता साक्षीदार. माणूस डोळ्यांनी बघतो ते त्याच्या डोक्यात कसं राहतं. पोलिसानं एक शब्द जास्त विचारला की त्या आठवणीत काय नवीन शिरतं. आणि जो साक्षीदार छातीठोक बोलतो, तो बरोबर असतोच का. तुम्ही म्हणाल, हे तर परदेशातलं, तिकडे ज्यूरी असते, बारा माणसं बसवतात, तिकडे असला अभ्यास चालतो. मालूताईंनाही लोक हेच म्हणायचे. त्या हसून म्हणायच्या, आपल्याकडची ज्यूरी कोर्टातून उठली खरी, पण ती मंडळाच्या हॉलमध्ये येऊन बसली. तेव्हा आपण सगळे हसायचो. चहा प्यायचो आणि हसायचो.

गणपतीतली निरांजनाची गोष्ट आठवते का? जोगकाका, मान खाली घालू नका. आज सगळ्यांसमोर बोलायचं ठरवून आलोय.

हाच हॉल. गणपती याच स्टेजवर. मंत्रपुष्पांजली चालू होती, सगळे हात जोडून उभे. बाजूच्या दारातून एक माणूस आत आला, टेबलावरचं चांदीचं निरांजन उचललं, आपल्या सगळ्यांच्या समोरून चालत गेला आणि मोठ्या दारानं बाहेर पडला. धावला नाही, लपला नाही. सगळ्यांनी पाहिलं. एकच गडबड उडाली. मालूताई उठल्या, म्हणाल्या, थांबा, पोलिसांना बोलवायच्या आधी प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहा, कोण होता, काय घातलं होतं. पेन्सिली त्यांनी पिशवीत आणलेल्याच होत्या. त्यावरूनच आपल्याला कळायला हवं होतं.

काय लिहिलं आपण? बहुतेक सगळ्यांनी लिहिलं, टेंटवाला. तो काळासावळा टेंटवाला, ज्यानं सकाळी मांडव घातला होता, बनियनवर. मी तर पुढे जाऊन लिहिलं, बनियनला डाव्या खांद्यावर भोक आहे. तपासणी विभागातला माणूस ना मी, बारकावा सोडतोय होय!

टेंटवाला त्या वेळी मागच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होता. मालूताईंनीच त्याला पानावर बसवलं होतं आणि वाढायला माझी बायको सुनंदा होती. निरांजन कुणी नेलं होतं? जोगकाकांच्या जावईबापूंनी. ग्वाल्हेरहून आले होते, मालूताईंनी त्यांना आधी पटवून ठेवलं होतं. रेशमी कुर्ता घालून, निरांजन हातात घेऊन, हसत हसत ते परत आत आले.

कुणी हसलं नाही. आठवतं? जोगकाका म्हणाले, ही कसली थट्टा, देवासमोर. मालूताई म्हणाल्या, थट्टा नाही काका, आपण आपल्या जावयाला डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिताना परक्याचं नाव लिहिलं, आणि यातला एकही माणूस खोटं बोलत नाहीये. मी विचारलं, मग माझं भोक कुठून आलं? त्यांनी विचारलं, टेंटवाल्याला तुम्ही आज कुठे पाहिलंत? मी म्हटलं, सकाळी, शिडीवर. त्या म्हणाल्या, ते भोक सकाळचं आहे, भैया. तुम्ही ते संध्याकाळी आणून लावलंत.

त्यानंतर या मंडळानं मालूताईंना स्टेजवर बोलावलं नाही. एकदाही नाही. कोजागिरीला नाही, संक्रांतीला नाही. टेंटवाल्याची माफी मागायला कोण गेलं? त्या एकट्या गेल्या. आज मात्र हार आहे, समई आहे, फोटो आहे. असो. तुमच्यावरचा राग इथे संपला. आता माझ्यावरचा.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानात खून झाला. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पेपरात आलं होतं. दुपारी चारची वेळ. मी माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीपाशी पोचतो तोवर आत आरडाओरडा, आणि एक माणूस बाहेर आला, माझ्या खांद्याला धडकला आणि गल्लीत पळाला. आत दुकानदार रक्तात पडला होता. भला माणूस. मला गोळ्या देताना नेहमी विचारायचा, मीठ कमी केलं की नाही, साहेब. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

मी किती वेळ पाहिलं त्या पळणाऱ्याला? आज प्रामाणिकपणे सांगतो, खांदा लागला तेवढा वेळ. मी तोल सांभाळत होतो. दरोगाजींना, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांना, मी त्या दिवशी सांगितलं, मध्यम उंची, सावळा, तिशी-पस्तिशीचा. झाशीत असे किती असतील? निम्मी झाशी. दोन दिवसांनी दरोगाजी घरी आले. चहा घेतला, म्हणाले, याद कीजिए साहब, भौंह पर कोई निशान था क्या? मी म्हटलं, भुवईवर? असेल. ते म्हणाले, बाईं वाली पर? मी म्हटलं, हो, वाटतं तसं. त्यांनी लिहून घेतलं. आणि मंडळी, त्या रात्रीपासून मला तो व्रण दिसायला लागला. खोटं नाही सांगत. डोळे मिटले की व्रण दिसायचा.

मग पोलिसांनी हल्केला धरलं. हल्के मऊरानीपुरकडचा, गल्ल्यांमधून कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त करत फिरायचा. दुपारी त्याच औषधाच्या दुकानाच्या पायरीवर पेटी ठेवून बसायचा. त्यावरून दुकानदाराशी त्याची बाचाबाची झाली होती, लोकांनी ऐकली होती. आणि त्याच्या डाव्या भुवईवर व्रण होता.

जेलमध्ये शिनाख्त परेड, म्हणजे ओळखपरेड झाली. मॅजिस्ट्रेट होते. दहा-अकरा माणसं ओळीत उभी, आणि आपल्याकडची पद्धत अशी, की आरोपीच्या चेहऱ्यावर खूण असेल तर ती झाकायला कागदाची चिट चिकटवतात, आणि बाकीच्यांनाही त्याच जागी तशीच चिट लावतात. म्हणजे कुणी एकटा उठून दिसू नये. सगळ्यांच्या डाव्या भुवईवर पांढरी चिट. मी ओळीसमोरून चाललो. चौथ्या का पाचव्या माणसापाशी आलो आणि आतून काहीतरी हललं. हा चेहरा मी पाहिलाय. शंभर टक्के पाहिलाय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलले, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण बोलायची परवानगी नव्हती. मॅजिस्ट्रेट साहेबांनी नाव लिहिलं. मी घरी आलो, सुनंदाला म्हटलं, एका नजरेत ओळखला.

मालूताई त्या संध्याकाळी वर आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी आल्या. त्यांनी विचारलं, ओळखायला किती वेळ लागला, चिटा सगळ्यांच्या सारख्या होत्या का, तिथे न्यायच्या आधी कुणी तुम्हाला काही म्हणालं का. मी उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, बचावाचे वकील माझे जुने विद्यार्थी आहेत, सक्सेनाजी, ते मला कोर्टात बोलावणार आहेत आणि मी जाणार आहे, तुमच्या पाठीमागून जायचं नाही म्हणून आधी सांगते. मी म्हटलं, जा खुशाल. सुनंदानं त्यांच्यासाठी टाकलेला चहा तसाच राहिला.

कोर्टाचा दिवस ऐका. व्हरांड्यात पैरोकारानं मला बाजूला घेतलं. पैरोकार म्हणजे कोर्टात पोलिसांच्या केसेस बघणारा शिपाई. त्यानं माझा जुना जबाब मला वाचून दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा. म्हणाला, बस यही बोलना है साहब, इधर-उधर नहीं होना. सगळ्यांना वाचून दाखवतात, रोजची पद्धत आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी आत गेलो आणि तो कागद घडाघडा बोललो. व्रणासकट. बाकीचे दोन साक्षीदार आधीच उलटले होते. राहिलो मी एकटा.

मग मालूताई उभ्या राहिल्या. पांढरी साडी, हातात फाईल. त्यांनी पाच मिनिटं शांतपणे सांगितलं, की घाईत पाहिलेला चेहरा कसा विरतो, ऐकलेली गोष्ट पाहिल्यासारखी कशी वाटायला लागते. सरकारी वकील उठले. त्यांनी एकच विचारलं.

"मैडम, आप मौके पर थीं?"

"नहीं."

"बस, हुज़ूर, और कुछ नहीं पूछना."

अख्खं कोर्ट हसलं. शिपाई हसले, मुन्शी हसले. मीही हसलो. मालूताईंनी फाईल मिटली, वळल्या, आणि माझ्या हसणाऱ्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या दिवशी आम्ही एकाच घरात वेगवेगळ्या रिक्शांनी परतलो.

हल्केला जन्मठेप झाली. निकालात माझ्याबद्दल लिहिलं होतं, साक्षीदार सुशिक्षित आहे, निष्पक्ष आहे, आरोपीशी त्याचं वैर नाही, त्याच्यावर अविश्वास ठेवायला कारण नाही. मी ते पान झेरॉक्स करून घेतलं. कारखान्याच्या सर्टिफिकिटांच्या फाईलमध्ये लावलं. अजून आहे तिथे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात हल्केचा फोटो आला. सकाळची वेळ, सुनंदा ओट्याशी, पेपर माझ्या हातात. तिनं खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा तर आपला कुकरवाला."

मंडळी, नीट ऐका आता. चार वर्षं केस चालली आणि चार वर्षांत हे मला आठवलं नव्हतं. खुनाच्या वर्षभर आधी, एका रविवारी, आमच्या कुकरचा दांडा निघाला होता. गल्लीत आवाज आला, सुनंदानं हाक मारली. तो आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर पेटी उघडून बसला आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसलो. तपासणी विभाग! रिव्हेट नीट बसवतोय की नाही ते बघायला. अर्धा-पाऊण तास बसलो होतो. वाद घातला त्याच्याशी, रिव्हेट तिरका बसतोय म्हणून. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, साहब, आप ही लगा लो. आम्ही दोघं हसलो. हा चेहरा मी पाहिला होता. शंभर टक्के पाहिला होता. वीतभर अंतरावरून, भर उजेडात, माझ्याच जिन्यावर पाहिला होता!

आणि परेडमध्ये त्याचे ओठ का हलले होते? त्यानं मला ओळखलं होतं. त्याला वाटलं असेल, हे कुकरवाले साहेब, हे मला ओळखतात, हे आता सांगतील की हा तर आपला कुकरवाला. बरोबर ओळखलं होतं त्यानं. मी नाही.

सुनंदाला मी काय म्हटलं असेल? म्हटलं, गप्प बस. निकाल लागलाय. त्या कुकरमध्ये अजून आमचा भात होतो. दांडा हललेला नाही. रिव्हेट सरळ आहे.

मी गप्प राहिलो, सुनंदाही राहिली. काही महिने. मग तिला सहन होईना, आणि एक दिवस ती खाली जाऊन मालूताईंना सांगून आली. मालूताई वर आल्या. आमचं बोलणं बंद होतं, तरी आल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिलो. त्या आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. केला असता तर बरं झालं असतं, मीही केला असता. त्या म्हणाल्या, "श्रीकांतभैया, तुम्ही त्याला ओळखलंत खरं. पण कुठून ओळखलंत?"

मी वळलो नाही. म्हटलं, मालूताई, माझी नजर चुकत नाही, तीस वर्षं लोकांनी माझ्या नजरेवर सह्या केल्या आहेत. त्या म्हणाल्या, बरं. मग वळू नका, तसेच सांगा, माझ्या चष्म्याची फ्रेम कुठल्या रंगाची आहे? मी म्हटलं, काळी, जाड. हे काय विचारणं झालं? त्या म्हणाल्या, आता वळा.

चष्मा नव्हता. मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. चार महिने मी त्यांना रोज दारात, जिन्यात, अंगणात पाहत होतो. रोज. आणि रोज त्यांच्या नाकावर चष्मा लावत होतो.

आता फोटोकडे बघा. गेलं दीड वर्ष या बाईच्या चेहऱ्यावर चष्मा नव्हता. त्या तुमच्या घरी आल्या, बाजारात भेटल्या, याच हॉलमध्ये मागच्या रांगेत येऊन बसल्या. फोटो लावताना एकाला तरी वाटलं का, की अरे, या अशा नव्हत्या दिसत? आता माना वळवताय. उशीर झाला.

त्या दिवशी मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, म्हणजे तो निर्दोष आहे. त्या लगेच म्हणाल्या, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तो निर्दोष आहे असं लिहू नका, तेही तुम्ही पाहिलेलं नाही. जे पाहिलंत तेवढंच लिहा, आणि जे आठवतं ते कुठून आलं ते लिहा. हायकोर्टात अपील पडून आहे, सक्सेनाजी शपथपत्र लावतील.

मी म्हटलं, तुम्ही लिहून द्या, मी सही करतो. सोपं होतं ना. त्या खाली गेल्या, गुडघे धरत, आणि पुन्हा वर आल्या. हातात चार कोरे कागद. म्हणाल्या, "मी लिहून दिलं तर ते माझं होईल. एकदा तुम्ही वाचून दाखवलेलं बोललात. आता तुमचं लिहा."

चार कोरे कागद. वर्ष उलटून गेलं त्याला.

का नाही लिहिलं? सक्सेनाजींकडे गेलो होतो एकदा. ते दुसऱ्या रांगेत बसलेत, विचारा. त्यांनी लपवलं नाही, म्हणाले, साहब, आधी शपथेवर एक सांगितलंत, आता दुसरं सांगाल, तर खोट्या साक्षीची केस तुमच्यावर होऊ शकते, सोच लीजिए. मी सोचत बसलो. आधी म्हटलं, रिटायरमेंट होऊ दे. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. मग सुनंदाच्या भाचीचं लग्न. एक माणूस कोठडीत बसलाय आणि मी लग्नाला जातोय, जिलबी वाढून घेतोय. लाज वाटते का म्हणून विचारा. वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हे जास्त वाईट आहे.

मालूताईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. एकदाही नाही. विचारलं असतं तर मी चिडलो असतो, भांडण केलं असतं आणि भांडणात मोकळा झालो असतो. त्यांना ते ठाऊक होतं. त्या दर महिन्याला जेलवर जायच्या, हल्केची बायको रामकली, तिच्याबरोबर. जाताना जिन्याखालून सुनंदाला हाक मारायच्या, की चाललेय. मी वर ऐकायचो. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहितो, मालूताई. त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली, की राहू दे म्हणून हलवली, ते मी आज छातीठोक सांगणार नाही.

तुम्ही म्हणाल, शोकसभेत हे कशाला काढलं. मग कुठे काढू हो? या बाईनं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली. कोर्टानं हसण्यावारी नेली, मंडळानं थट्टा म्हटली, कॉलेजानं निवृत्तीनंतर त्यांची खोली रिकामी केली आणि कागदांचे गठ्ठे जिन्याखाली टाकले. आणि ज्याच्या डोक्यावर त्या राहत होत्या, म्हणजे राहत खाली होत्या, पण बघा, मला शब्दही धड सुचत नाहीत, ज्याच्याबरोबर एकेकाळी रोज चहा प्यायच्या, त्यानं त्यांना तेरा दिवसांपूर्वीपर्यंत वाट बघायला लावली. भूषण म्हणे! भूषणाचं ऐकतं का कुणी?

हे बघा. चार कागद. आता कोरे नाहीत. काल सकाळपासून लिहितोय. साडेतीन पानं भरली आहेत. पहिल्या पानावर खांदा लागला ते आहे, दुसऱ्यावर दरोगाजींचा चहा आणि व्रण, मग परेड, मग पैरोकार, आणि शेवटी कुकर. तो निर्दोष आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. मी त्याला तिथे पाहिलं असं मला म्हणता येत नाही, एवढंच आहे. सक्सेनाजी नोटरीला घेऊन आलेत. मी इथेच, या फोटोसमोर सही करणार आहे. माझ्यावर केस होते तर होऊ दे. सुनंदाला सांगून आलोय.

आणखी एक राहिलं. सर्वांत मागे, चपला काढतो तिथल्या खुर्चीवर, एक बाई बसल्या आहेत. हिरवी साडी. येताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना कामवाली समजून पाणी मागितलं, मी पाहिलं. त्या रामकली. हल्केची बायको. वळून बघा. नीट बघा. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

इतका वेळ मी मराठीत बोलतोय. आपली सभा, आपली भाषा, म्हणून बोलतोय असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत होतं. खरं कारण आत्ता कळतंय. त्यांना यातलं अक्षर कळत नाहीये, म्हणून मला बोलता येत होतं. तेवढा भेकडपणा अजून शिल्लक आहे. तो इथे संपवतो.

रामकली भाभी. मैं वही गवाह हूँ. आपके आदमी को मैंने उस दिन दुकान पर ठीक से नहीं देखा था. मैंने उसे अपने घर की सीढ़ी पर देखा था, वो हमारा कुकर बना रहा था. ये बात मुझे दो साल से मालूम है.

मंडळी, आता उभे राहा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मी तुमच्याबरोबर उभा राहणार नाही, मला बसून सही करायची आहे.

मालूताई, माझा नमस्कार घ्या. हे मी लिहिलंय. मला कुणी वाचून दाखवलेलं नाही.